प्रौढ वयांत काचा पुसण्याचा धंदा

चाळिशी उलटलेल्या, संसारी व सुशिक्षित गृहस्थानें दुसऱ्याच्या दुकानच्या व घरच्या खिडक्यांच्या काचा पुसण्याचा धंदा पूर्ण वेळ करावा कीं नाहीं, असा प्रश्न या सदरांत कधीं चर्चेस येईल असें आमच्या वाचकांस वाटलें नसेल. आम्हांसही वाटलें नव्हतें. परंतु बिलोलीच्या एका परिचित एकत्र कुटुंबांत हा प्रश्न आज खरोखरीच उभा आहे. त्यावरून दोघां भावांत अबोला धरण्यापर्यंत पाळी आली आहे, आणि उभय पक्षांनीं आमचें मत विचारलें आहे. तेव्हां त्याचा साधकबाधक विचार करणें प्राप्त झालें.

हकीकत थोडक्यांत अशी. तिघां भावांतील मधला हा आमचा जुना विद्यार्थी, वय सत्तेचाळीस. नांदेडास एका पेढीवर तो वीस वर्षें हिशेब लिहीत होता. पेढीचा कारभार संगणकावर गेला, माणसें कमी झालीं, त्यांत हाही घरीं बसला. पुढें त्यानें नांदेडच्या चार दुकानांच्या व एका दवाखान्याच्या दर्शनी काचा आठवड्यांतून दोन दिवस धुण्याचें काम धरलें. तें वाढत वाढत आज तेवीस ठिकाणें झालीं आहेत. इतक्यांत थोरल्या भावानें खटपट करून एका पतसंस्थेंत त्याच्यासाठीं कारकुनाची जागा पाहिली. मधला म्हणतो, ती जागा नको, काचांचेंच काम आतां पूर्ण वेळ करतों. थोरल्याचें म्हणणें थेट आहे. "गुरुजी," ते आम्हांस म्हणाले, "अर्धपोटीं राहूं, पण आपल्या घरचा माणूस बादली घेऊन लोकांच्या दारांत उभा राहिलेला मला पाहवणार नाहीं." मातोश्रींची चिंता अधिक व्यवहाराची आहे. नातीचें लग्न वर्ष-दोन वर्षांत व्हावयाचें. पाहुणे विचारतील, मुलीचे वडील काय करतात?

प्रथम अब्रूचा मुद्दा घेऊं. आमच्या लहानपणीं तिन्हीसांजेपूर्वीं कंदिलाची काच पुसणें हें घरोघरचें नेमाचें काम असे. चुलींतली राख चाळून घ्यावी, जुनेराचा मऊ बोळा करावा, काचेंत तोंडानें वाफ सोडावी आणि काजळी निघेपर्यंत बोळा फिरवावा. मोठा हात काचेंत जात नसे, म्हणून हें काम मुलांकडे व लेकीसुनांकडे असे. कंदील बहुधा 'प्रभाकर' असावयाचा. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस ओगले मंडळींनीं १९१६ सालीं काढलेल्या कारखान्याचा तो माल, आणि त्याच्या स्वदेशीपणाचा वडील माणसांस मोठा अभिमान असे. जी सून काच निर्मळ पुसून ठेवी, तिचें चारचौघांत कौतुक होई. आतां तेंच काम तशाच हातांनीं परक्याच्या भिंतीवर मोबदला घेऊन केलें कीं घराण्यास बट्टा लागतो, हें गणित कोणत्या सूत्रानें सोडवावयाचें? पैसे मागितल्यानें अब्रू जाते म्हणावें, तर दक्षिणेचें काय?

थोरले बंधु शास्त्राचेंही नांव घेतात, म्हणून शास्त्राकडे जाऊं. मनुस्मृतीच्या आधारें आज कोणाचा संसार चालावा असें आमचें मत नाहीं. तींतील पुष्कळसा भाग समाजानें टाकिला तेंच योग्य झालें. परंतु चौथ्या अध्यायांत ब्राह्मणाच्या उपजीविकेचा जो क्रम सांगितला आहे, तो मौजेचा आहे. शेतांत सांडलेले दाणे वेंचणें, न मागतां मिळेल त्यावर राहणें, मागून आणणें, शेती करणें, असें करीत करीत ग्रंथकार व्यापारावर येतो. त्याला 'सत्यानृत' म्हणजे खऱ्याखोट्याची मिसळ असें नांव ठेवून त्यावरही जगण्याची मोकळीक देतो. वर्ज्य ठरवितो ती सेवा, म्हणजे दुसऱ्याच्या हुकुमांत राहून वेतन खाणें. आणि तिला तो कुत्र्याची वृत्ति म्हणतो! म्हणजे ज्या कारकुनीसाठीं थोरल्या बंधूंनीं दहा उंबरे झिजविले, ती या यादींत तळाला. आणि तेवीस गिऱ्हाइकें बाळगून कोणाचाही ताबेदार नसलेला धाकटा तिच्या वरच्या पायरीवर. आम्ही स्वतः आयुष्यभर पगारी मास्तर होतों, तेव्हां हा दाखला आमच्याही अंगावर येतो, हें आम्ही विसरलों नाहीं.

यापुढें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशांत साफसफाईचें काम शतकानुशतकें विशिष्ट जातींच्या माथीं मारलें गेलें, आणि तें केल्याबद्दल त्यांच्या वांट्यास मान येण्याऐवजीं विटाळ आला. थोरल्या बंधूंना बादलीची जी लाज वाटते तिचें मूळ तेथें आहे. आप्पासाहेब पटवर्धनांनीं या मुळावरच घाव घातला. १८९४ सालीं जन्मलेल्या या उच्चविद्याविभूषित ब्राह्मणानें १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत आपल्यास संडास-सफाईचें काम मिळावें म्हणून हट्ट धरिला. जातीच्या कारणावरून अधिकारी तें देईनात, तेव्हां त्यांनीं अन्नाचा त्याग आरंभिला आणि त्यांस पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनींही उपवास मांडला. पुढें १९४८ सालीं कणकवलीस गोपुरी आश्रम काढून पन्नाशी उलटलेल्या आप्पासाहेबांनीं मैल्याच्या खताचे व संडासांचे प्रयोग चालविले. त्यापुढें काचेवरची धूळ ती काय! मात्र आमच्या विद्यार्थ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, त्यानें हें काम धरलें तर लोक त्यास 'धाडसी उद्योजक' म्हणतील, आणि हेंच काम पिढीजात करणाऱ्यास कोणीं तसें म्हटलें नाहीं. हाताखालीं माणूस ठेवण्याची वेळ येईल तेव्हां मजुरी ठरवितांना ही आठवण उपयोगी पडेल.

वयाचा मुद्दा त्या मानानें लहान. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. बढती डावलली गेली तेव्हां त्यांनीं नोकरी सोडिली आणि बेळगांवीं सायकलींचें दुकान चालविलें. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी प्रथम हातीं धरीनात. लोखंडानें जमीन विषारी होते अशी समजूत होती. १८६९ चा त्यांचा जन्म, आणि किर्लोस्करवाडी वसली १९१० सालीं. म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनीं पुन्हां आरंभ केला. आमचा विद्यार्थी काहीं कारखाना काढीत नाहीं, हें आम्ही जाणतों. तुलना केवळ वयापुरती.

आतां धंद्याकडे वळूं, कारण निर्णय तेथें व्हावयाचा आहे. या धंद्याचा जीव ठरलेल्या घरांच्या फेरींत असतो. ब्रिटनमध्यें हा जुना व रूढ व्यवसाय आहे. तेथें काचा पुसणाऱ्याची ठराविक घरांची फेरी असते आणि धंदा सोडतांना ती फेरी चक्क विकली जाते. आमच्या वाचकांस यांत नवल वाटूं नये. उपाध्यायांची यजमानकी यापेक्षां निराळी ती काय होती? यजमानाच्या घरीं तिथीस हजर राहणारा उपाध्याय टिके, न राहणाऱ्याचें घर तुटे. येथेंही गुरुवारीं येतों म्हणून शुक्रवारीं जाणाऱ्याची फेरी वर्षभरांत विरते.

दुसरी गोष्ट पाण्याची. मराठवाड्यांतील बोअरचें पाणी बहुधा जड असतें. त्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार फार. असें पाणी काचेवर वाळलें कीं पांढरे ठिपके उठतात, आणि गिऱ्हाईक म्हणतें, धुण्यापूर्वींच बरी होती! म्हणून पाणी काचेवर वाळूं द्यावयाचें नाहीं. थोड्या साबणाच्या पाण्यानें काच भिजवावी, रबरी वायपर वरून खालीं एका हातानें ओढावा, प्रत्येक ओढीनंतर रबर पुसावें आणि कडा कोरड्या फडक्यानें टिपाव्यात. हा हलका, एका हाताचा वायपर एटोरे स्टेकोने या अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या इटालियन काचपुश्यानें सिद्ध केला आणि १९३६ सालीं त्याचें पेटंट घेतलें. जुने ठिपके लिंबाच्या सतानें सुटतात. सिमेंट वा रंगाचे शिंतोडे पात्यानें खरवडतांना मात्र काचेवर चरे पडण्याचें भय. तशा कामास हात घालण्यापूर्वीं मालकाशीं बोलून घ्यावें.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि घरांतील खरी भीति हीच आहे. अब्रूचा वाद पुरुषांत चालला असतां आमच्या विद्यार्थ्याची पत्नी स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाली, "गुरुजी, लोक काय म्हणतील त्याचें मला नाहीं. हे शिडीवर असतात तेवढा वेळ माझा जीव टांगणीला लागतो." साऱ्या बैठकींत आम्हांस हेंच वाक्य मोलाचें वाटलें. ब्रिटनमध्यें उंचावरील कामाविषयीं २००५ सालीं जे नियम झाले, त्यांचें पहिलें सूत्र असें कीं, जें काम जमिनीवरून होण्यासारखें आहे त्यासाठीं वर चढूं नये. यासाठीं तेथें लांब पोकळ दांड्याचा ब्रश वापरतात. क्षार काढलेलें पाणी दांड्यांतून वर जातें, काच धुते आणि डाग न ठेवितां आपोआप वाळते. असा दांडा व पाणी शुद्ध करण्याची सोय हा आमच्या विद्यार्थ्याचा पहिला मोठा खर्च असावा, मोटारसायकल नव्हे. शिडी लागेलच तेथें चार हात उंचीस पायथा एक हात भिंतीपासून दूर, हें प्रमाण सोडूं नये. परांचीवरचीं व दोराला लटकून करावयाचीं कामें तरुण व शिकविलेल्या माणसांचीं. सत्तेचाळिसाव्या वर्षीं तीं नाकारावींत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंत वर्षास २० रुपये भरून २ लाखांचा अपघात विमा बँकेंतून उतरतां येतो. तो त्यानें अजून उतरविलेला नाहीं, हें ऐकून आम्हांस राग आला व तो आम्हीं बोलूनही दाखविला.

बिलोलीसारख्या गांवांत काचा आहेत तरी किती, असा आक्षेप थोरले बंधु घेतात, तो वाजवी आहे. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना गज व फळ्या. नव्या घरांच्या काचा घरचींच माणसें पुसणार. पोट भरावयाचें तें नांदेडच्या दुकानांवर, दवाखान्यांवर व शिकवणीवर्गांच्या इमारतींवर. पण एक काम गांवोगांव वाढत आहे, तें छपरावरील सौर तक्त्यांचें. आमच्याकडील उन्हाळ्याची धूळ तक्त्यांवर बसली कीं वीज कमी होते, आणि मालकास छपरावर चढण्याचा कंटाळा. हीं कामें पहांटे करावीं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यास ती तडकण्याचें भय. शिवाय बिलोलीच्या माणसाजवळ एक भांडवल जन्मतःच असतें. मांजरा ओलांडली कीं तेलंगण. येथील माणूस मराठीबरोबर कामापुरती तेलुगु व दखनीही बोलतो. बोधन-निजामाबादकडचें गिऱ्हाईक त्यास परकें वाटणार नाहीं.

पैशाविषयीं आमचें मत असें. पूर्ण वेळ होण्यापूर्वीं सहा महिन्यांचा घरखर्च बाजूस असावा. कर्ज साहित्यापुरतेंच घ्यावें. आणि या सहा महिन्यांत एकत्र कुटुंबानें त्याच्या हिश्श्याच्या खर्चाबद्दल टोचून बोलूं नये. या शेवटच्या अटीचें पालन सर्वांत कठीण जाईल, हें आम्ही जाणून आहों. पतसंस्थेची जागा नाकारावी.

मातोश्रींस आम्हीं सांगितलें कीं, नातीच्या टिपणाबरोबर द्यावयाच्या माहितींत 'स्वतःचा व्यवसाय' एवढेंच मोघम लिहूं नका. काचा व सौर तक्ते धुण्याचा व्यवसाय, असें स्वच्छ लिहा. जें घर तेवढ्यावरून मागें फिरेल तें लग्नानंतर कळण्यापेक्षां आधीं कळलेलें बरें. त्यांनीं मान डोलविली, पण होकार दिला असें म्हणवत नाहीं. मुलीनें मात्र तें त्याच संध्याकाळीं तसें लिहून काढिलें.

राहिला मुहूर्त. थोरल्या बंधूंनीं इतका वेळ विरोध करून अखेर प्रश्न काढिला तो हाच. त्यावरून त्यांचें मन वळत असावें. पितृपक्षांत नवें काम आरंभूं नये, घटस्थापनेस आरंभावें, असें ते म्हणतात. परंतु घरें व दुकानें धुण्याची खरी घाई महालक्ष्म्या बसण्यापूर्वीं आणि पुन्हां पितृपक्षाच्या अखेरीस असते. घटस्थापनेस आरंभ केल्यास तो हंगाम हातचा जाईल. म्हणून नारळ श्रावणांतच फोडावा, म्हणजे पितृपक्षांत काम चालूच राहील, नवें कांहीं आरंभावें लागणार नाहीं.