वजन पोत्याचं, बोल माणसाला

पुण्यात मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात वजन मोठ्यानंच पुकारतात. तोलणार आकडा सांगतो, आडत्याचा माणूस लिहून घेतो, की पुढचं पोतं. जवळच्याच एका दवाखान्यात परवा तसाच पुकारा ऐकला: “मावशी, एक्क्याऐंशी!” बाकावरच्या सगळ्यांच्या माना वळल्या. कांदा निवडणाऱ्या या मावशी कान ठणकतो म्हणून आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, “आधी तोंडाला कुलूप लावा.”

तान्ह्याचं बाळसं आपल्याला कौतुकाचं, पगार तर लठ्ठच हवा. बाईचं अंग सुटलं की मात्र दोष तिच्या जिभेचा. चरकसंहितेत ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा अध्यायच आहे. निंदित ठरवलेल्या आठ देहांत अतिस्थूल आहे, तसा अतिकृशही. म्हणजे नावं ठेवण्याची खोड जुनीच. पण तिथं स्थूलतेच्या कारणांत खाण्यापिण्याबरोबर बीजस्वभावही सांगितला आहे, म्हणजे आईबापांकडून आलेली ठेवण. आपण निंदा तेवढी उचलली, बीज विसरलो.

पुढे आकडा आला. 1832 साली बेल्जियमच्या केटलेनं उंची-वजनाचं गणित मांडलं ते सरासरी माणूस शोधायला, रोगी शोधायला नव्हे. 1972 मध्ये अॅन्सेल कीजनं त्याला बॉडी मास इंडेक्स म्हटलं, आणि ते गणित दवाखान्याच्या भिंतीवर चढलं. त्याला पुण्यातूनच टाचणी लागली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं छापला. दोघांचा निर्देशांक 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. तेव्हा नुसतं डोळ्यानं मापणाऱ्या डॉक्टरकडे मावशी बोलणी खातात आणि काटकुळ्या हमालाची साखर तपासायची राहून जाते.

याच पुण्यात हमालांचे नेते डॉ. बाबा आढाव यांचा नाना पेठेत दवाखाना होता. हमालांच्या पाठीचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. हमालाला ‘शरीर कमावा’ म्हणून वाटेला लावणं सोपं होतं. त्याऐवजी त्यांनी हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी केली, आणि पंचायतीनं पोत्यालाच जाब विचारला: 100 किलोंचं ओझं 50 वर आणा. इतका सरळ विचार दवाखान्यात क्वचितच ऐकू येतो.

मावशींना शेवटी कानात घालायचे थेंब मिळाले. चिठ्ठीवर मात्र सगळ्यात वर 81 लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून.