'फक्त' या शब्दाशी माझं भांडण

शनिवारी सकाळी चहा घेऊन जरा कुठे बसलो होतो, तेवढ्यात धाकटी बहीण क्लासच्या सराव परीक्षेचा पेपर घेऊन आली. तिची नीटची तयारी चालू आहे. "दादा, माझं काय चुकलं?"

विधान होतं: स्टेरॉइड संप्रेरकांचे रिसेप्टर फक्त पेशीच्या आत असतात. बरोबर की चूक? हिने 'चूक' लिहिलं आणि मार्क गेले.

मी पडलो कॉम्प्युटरवाला. बायॉलॉजी बारावीनंतर सुटलं ते सुटलंच. पण दुपारभर वाचत बसलो, आणि मंडळी, पोरगी बरोबर आहे!

क्लासचं लॉजिक असं. स्टेरॉइड कोलेस्टेरॉलपासून बनतात, चरबीत विरघळतात, म्हणून पेशीपटलातून सरळ आत शिरतात. आतल्या रिसेप्टरला चिकटतात आणि जनुकं चालू-बंद करतात. हे सगळं खरं आहे. पण आत जाता येतं म्हणून काम आतच होतं, हे कुठून आलं? खिशात किल्ली असली तरी आपण बेल वाजवतोच की!

बग शोधताना आपण आधी काय बघतो? लॉगमधली वेळ. जनुक चालू होऊन प्रथिन तयार व्हायला बरीच मिनिटं, कधी तास लागतात. परिणाम त्याच्या कितीतरी आधी दिसला, तर वाट दुसरी असणार. साधी गोष्ट आहे.

१९६७ मध्ये क्लारा झेगो आणि जून डेव्हिस यांना उंदराच्या गर्भाशयात इस्ट्रोजेनचा परिणाम मिनिटाच्या आत दिसला. १९७७ मध्ये झेगो आणि रिचर्ड पिएट्रास यांनी पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर इस्ट्रोजेन चिकटतं हे दाखवलं. २००३ मध्ये माशाच्या अंडाशयातून प्रोजेस्टेरॉनचा पटलावरचा रिसेप्टर सापडला.

सगळ्यात भारी उदाहरण माणसाच्या शुक्राणूचं. त्याचा डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की जनुकं जवळपास बंदच. तरी बीजांडाभोवतीच्या पेशींमधून आलेलं प्रोजेस्टेरॉन लागताच शेपटीतला कॅटस्पर नावाचा मार्ग उघडतो आणि कॅल्शियम आत घुसतं. २०११ मध्ये दोन गटांनी हे दाखवलं. जनुकांचा संबंधच नाही! बोला आता.

नेमके कुठले रिसेप्टर, यावर शास्त्रज्ञांची भांडणं आहेत. जीपीआर३० हा इस्ट्रोजेनचा खरा रिसेप्टर आहे का, यावर तर चांगलीच. पण पटलावर काही घडतच नाही, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही.

"अरे, परीक्षेपुरतं सोपं करायला नको का?" जरूर करा. 'मुख्यतः' लिहा. 'फक्त'इतकंच सोपं आहे, आणि खरंही. पण जास्त वाचणाऱ्या पोरीचे मार्क कापायचे, हा कुठला न्याय?

बहिणीला हे सगळं उत्साहाने सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "दादा, मला नोबेल नको, सीट हवी. पुढच्या वेळी 'बरोबर' लिहीन."

तिचा हिशोब चोख आहे. राग त्याचाच येतो.

असो. चहा केव्हाच गार झाला.