प्रशिक्षकांच्या वर्तनाबाबत पंचांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, स्पर्धा समिती,
जिल्हा फुटबॉल संघटना

विषय : १२, १४ व १७ वर्षांखालील सामन्यांत प्रशिक्षकांवर होणारी शिस्तभंगाची कारवाई

महोदय,

शालेय व युवा गटांच्या सामन्यांना पंच देण्याचे काम आमची संघटना करते. प्रशिक्षकांच्या वर्तनाच्या तक्रारी आम्ही सामना अहवालांतून आपल्याकडे देत आलो आहोत. त्यांवर काय ठरले, हे संबंधित पंचाला कळवले जात नाही. म्हणून आता हे एकत्र आणि लेखी देत आहोत.

२०१९-२० च्या हंगामापासून बाकावरील प्रशिक्षकालाही पिवळे व लाल कार्ड दाखवण्याची तरतूद बाराव्या नियमात आहे. बाकावरून नेमके कोण बोलले हे ओळखता आले नाही, तर कार्ड तिथल्या मुख्य प्रशिक्षकाला मिळते. तेव्हा अधिकार नव्याने मागण्याचा प्रश्न नाही. पंच तो वापरतो त्यानंतर काय होते, यावर आमचे म्हणणे आहे.

सर्वांत आधी मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा. शाळेचा संघ बहुतेक वेळा एकट्या क्रीडाशिक्षकाबरोबर येतो. प्रथमोपचाराची पेटी, मुलांची ओळखपत्रे, परतीच्या प्रवासाचे पैसे, सारे त्यांच्याच हाती. त्यांना लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढले, तर सगळी मुले मोठ्या माणसाविना उरतात. पंचाचा हात खिशाकडे जातो आणि थांबतो तो यामुळे. प्रशिक्षकांनाही हे ठाऊक असते. मुलांच्या काळजीपोटी पंचाने गप्प बसावे, ही व्यवस्था आम्हाला मान्य नाही. प्रत्येक संघासोबत दोन प्रौढ असणे सक्तीचे करावे व दोघांची नावे संघयादीत असावीत. दुसरी व्यक्ती पालक असली तरी चालेल. तिच्याकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असण्याची गरज नाही. लहान शाळांना हे जड जाईल तिथे समितीच्या मैदानावरील प्रतिनिधीने सामन्यापूर्वी ती जबाबदारी लेखी घ्यावी.

दुसरा मुद्दा स्वतःच्याच खेळाडूंना होणाऱ्या शिवीगाळीचा. बारा वर्षांच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटतो आणि बाकावरून त्याच्या आईबापाचा उद्धार होतो. त्यानंतर ते पोर चेंडूकडे कमी आणि बाकाकडे जास्त बघत राहते. पंचाने समज दिली की उत्तर ठरलेले असते : "माझी पोरं आहेत, माझं मी बघतो." अपमानास्पद भाषेला लाल कार्ड आहे आणि आपल्या खेळाडूसाठी त्यात सवलत ठेवलेली नाही. तरीही आपल्या स्पर्धा नियमावलीत याचा उल्लेख नसल्याने नवा पंच कचरतो. स्वतःच्या खेळाडूला उद्देशून केलेली शिवीगाळही कारवाईस पात्र आहे, असे स्पष्ट कलम नियमावलीत घालावे. "मागे ये, मार्किंग सोडू नको" असे मोठ्याने ओरडणे यात येत नाही, हेही त्याच कलमात लिहावे.

"अहो रेफ्री, ऑफसाइड!" असे एकदा तोंडून निघून जाणे वेगळे आणि प्रत्येक थ्रो-इनला हात झटकत उठणे वेगळे. हा फरक मैदानावर पंचच करणार. तो अधिकार आम्ही सोडणार नाही. पण एका मैदानावर जे खपते त्यालाच शेजारच्या मैदानावर कार्ड मिळते, हा प्रशिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. हंगामापूर्वी पंच व प्रशिक्षकांची एकत्र बैठक घ्यावी. समज कशाला, पिवळे कशाला, लाल कशाला, हे एका पानावर छापून प्रवेशअर्जासोबत प्रशिक्षकाची सही घ्यावी. मजकूर आम्ही देऊ.

नियमाप्रमाणे तांत्रिक क्षेत्र बाकाच्या दोन्ही बाजूंना १ मीटर आणि पुढे टचलाइनच्या १ मीटर अलीकडेपर्यंत असते. आपल्या बहुतेक मैदानांवर ते आखलेलेच नसते. जी रेघ नाही ती ओलांडली म्हणून पंचाने कोणाला काय सांगावे? फक्कीने ती रेघ मारावी आणि पालकांना समोरच्या बाजूला, दोरीमागे उभे करावे.

लाल कार्डानंतर पुढील एका सामन्याची बंदी आपोआप लागू व्हावी. पंचाने २४ तासांत अहवाल द्यावा, समितीने प्रशिक्षकाचे म्हणणे ऐकून ७ दिवसांत निर्णय द्यावा आणि त्याची प्रत पंचाला मिळावी. त्याच हंगामात दुसरे लाल कार्ड मिळाल्यास बंदी ३ सामन्यांची असावी. बाद पद्धतीत संघ हरला की प्रशिक्षकाची शिक्षाही तिथेच संपते. उरलेली बंदी पुढच्या स्पर्धेत लागू झाली पाहिजे.

१८ वर्षांखालील सहायक पंचांच्या पहिल्या हंगामात आम्ही प्रत्येक सामन्याला एक अनुभवी निरीक्षक देऊ. त्याचा प्रवासखर्च समितीने द्यावा. पंचांकडून उद्धट वर्तन झाल्यास त्यांच्याविरुद्धची तक्रारही याच ७ दिवसांच्या मुदतीत निकाली काढावी. ती अट आम्हाला मान्य आहे.

या मागण्यांचा खर्च फक्की, दोरी, छपाई आणि निरीक्षकांचा प्रवास एवढाच आहे. हंगामाच्या पहिल्या सामन्यापूर्वी १५ दिवस लेखी उत्तर मिळावे. ज्या सामन्यात दोन प्रौढांची अट पाळलेली नसेल आणि समितीच्या प्रतिनिधीनेही जबाबदारी घेतलेली नसेल, त्या सामन्याला आमचे पंच उभे राहणार नाहीत.

आपले,
कार्यकारिणी सदस्य, पंच संघटना