खाज्या नाईक आणि आपलं काउंटर



शिरपूर-सेंधव्याच्या रस्त्याने आपला माल रोज जातो-येतो. याच मुंबई-आग्रा मार्गावर सेंधवा घाटाची राखण इंग्रजांनी भिल्ल नाईकांवर सोपवली होती. खाज्या नाईक त्यांतलाच, सरकारी पगारावरचा. 1850 च्या सुमारास एका संशयिताच्या मृत्यूवरून त्याची नोकरी गेली, तुरुंगवास झाला. 1857 मध्ये तोच भीमा नाईकासोबत सरकारविरुद्ध उभा राहिला आणि घाटात सात लाखांचा खजिना लुटला. 11 एप्रिल 1858 ला अंबापाणीची मोठी लढाई झाली. इंग्रजांनी बायकांनाही कैद केलं. 1860 मध्ये खाज्याला दगा देऊन मारलं.

त्याला नुसता 'लुटारू' म्हणणं मला पटत नाही. इंग्रज यायच्या आधीपासून या डोंगरवाटा त्याच्या लोकांच्या होत्या. साहेबाने त्यांच्याच वाटेवर त्यांना चाकर केलं.

आता धंद्याचं बोलू. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतात. चोपडा, यावल, शिरपूर भागात पावरा-भिल्ल गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन येतं. बागायतदाराला आपण म्हणतो, 'या भाऊ, बसा.' आणि त्याला? 'ए, काय पाहिजे रे?' वर भावही दोन रुपये चढा!

हे बंद करा. वजन एक, भाव एक, बिल सगळ्यांना. अरे-तुरे तर अजिबात नको.

ज्यांच्या पणजोबांनी हा रस्ता राखला, त्यांना आपल्या दुकानात बसायला स्टूल मिळालंच पाहिजे. उद्या शटर उघडलं की आधी पोरांना एवढंच सांगा.