वाळूच्या पोत्यांची टेस्ट

दोन आठवडे काही लिहिलं नाही, कारण डोकं ठिकाणावर नव्हतं. आज शनिवार. घरचे सगळे कल्याणला लग्नाला गेलेत आणि मी अंगात कणकण आहे असं सांगून घरी बसलोय. तेव्हा एकदाचं ओकून टाकतो.

डोंबिवली पूर्वेला एक केबलवाला दादा आहे. आधी नुसती केबल होती, आता इंटरनेटही देतो. हजार-बाराशे घरं, खाली दुकानं. चार महिन्यांपूर्वी त्याने कर्ज काढून आमच्या कंपनीचं एक मशीन घेतलं (कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी अजून आहे). मशीनचं काम नॅट. म्हणजे बाराशे घरांना मोजक्याच पब्लिक आयपी पत्त्यांवरून बाहेर सोडायचं आणि कोणाचं उत्तर कोणाकडे पाठवायचं याची वही ठेवायची. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलंय, १० जीबीपीएस. दादाची संध्याकाळची गर्दी दोन-अडीचच्या वर जात नाही. म्हणजे चौपट मशीन घेतलं म्हणायचं.

तर त्या शुक्रवारी रात्री साडेनऊला दादाचा फोन. "साहेब, तुमच्या मशीनला माझ्या गिऱ्हाइकांची ॲलर्जी आहे का हो?"

लक्षणं मोठी मजेशीर होती. ज्याच्या टीव्हीवर मॅच चालू होती त्याची मॅच व्यवस्थित चालू. स्पीड टेस्ट एकदा सुरू झाली की आकडा फुल्ल. पण नवीन पान उघडत नाही, यूपीआयचं चक्र नुसतं फिरतंय, खालच्या मेडिकलवाल्याकडे गिऱ्हाईक औषध हातात घेऊन उभं आणि पैसे जात नाहीत. रोज साडेआठला सुरू, साडेदहाला बंद. दहा दिवसांत चाळीस घरं दुसऱ्या कंपनीकडे गेली. दादाने आमचा टेस्ट रिपोर्ट काढून बघितला तर शेवटच्या पानावर "तपासणारा" म्हणून माझं नाव. म्हणून फोन मला.

रिपोर्ट खोटा नाही, हे आधी सांगतो. त्यातला प्रत्येक आकडा खरा आहे. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या आमच्या लॅबमध्ये मी स्वतः ट्रॅफिक सोडला, स्वतः मोजला. ९.८७ जीबीपीएस, एकही पॅकेट न सांडता. आणि तरीही तो रिपोर्ट म्हणजे शुद्ध धूळफेक आहे. माझा एकट्याचा नाही, आमच्या धंद्यातले बहुतेक रिपोर्ट असेच असतात. कसे, ते सांगतो.

पहिली गंमत पॅकेटच्या आकाराची. इथरनेटवर नेहमीचं सगळ्यात मोठं पॅकेट १५१८ बाइटचं, सगळ्यात लहान ६४ चं. (जाणकारांनो, फ्रेम म्हणायला हवं, माहीत आहे.) शिवाय प्रत्येकाबरोबर वायरवर २० बाइट जास्तीचे जातात, काही पुढे आणि उरलेले मधली मोकळी जागा म्हणून. आता हिशोब करा. १० जीबीपीएसची वायर १५१८ च्या पॅकेटांनी भरायला सेकंदाला साधारण ८ लाख १२ हजार पॅकेटं लागतात. तीच वायर ६४ च्या पॅकेटांनी भरायला १ कोटी ४८ लाख ८० हजार. अठरा पट! आणि मशीनला पॅकेटच्या वजनाचं फारसं काही नसतं, त्याला त्रास डोकी मोजण्याचा. प्रत्येक पॅकेट उघड, पत्ता बघ, वहीत शोध, पत्ता बदल, पुढे ढकल. लहान पॅकेटांच्या वेळी हे सगळं ६७ नॅनोसेकंदांत उरकायचं असतं. ३ गिगाहर्ट्झच्या एका कोअरला त्यात जेमतेम २०० ठोके मिळतात. मोठ्या पॅकेटला १२३० नॅनोसेकंद, म्हणजे आरामखुर्चीत बसून काम. ठळक अक्षरांतला आकडा कुठल्या पॅकेटवर काढलेला असतो हे वेगळं सांगायला नको.

नवीन लोकलची चाचणी घेताना डब्यांत माणसांऐवजी वाळूची पोती भरतात. वजन बरोबर भरतं, ब्रेक आणि स्प्रिंगांची परीक्षा होते, त्यासाठी ते योग्यच आहे. पण पोतं दिव्याला उतरत नाही. पोतं दारात लटकत नाही, चौथ्या सीटवरून भांडत नाही, ठाण्याला उतरायचं म्हणून मुंब्र्यापासून "उतरना है क्या?" विचारत नाही. रेल्वेकडे आपल्या गर्दीसाठी 'सुपर डेन्स क्रश लोड' असा खास शब्द आहे, चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. पोती रचून ती गर्दी तयार होत नाही. आणि पोत्यांवर चाचणी झाली म्हणून "डोंबिवलीकर आरामात चढतील" अशी पाटी रेल्वेही लावत नाही. आम्ही लावतो.

दुसरी गंमत जास्त वाईट. माझ्या टेस्टमध्ये किती लोक एकमेकांशी बोलत होते? दोन. एक पाठवणारा, एक घेणारा, पोर्टही तेच. लिनक्स कर्नलमध्येच पीकेटीजेन नावाचं पॅकेट पाडायचं यंत्र आहे, खूप जुनं आणि खूप वेगवान. त्यात क्लोन_एसकेबी म्हणून एक खटका असतो. त्यात दहा लाख भरले की एकच पॅकेट तयार करून त्याच्या दहा लाख झेरॉक्स काढून पाठवतो. पाठवणाऱ्याचा वेग वाढावा म्हणून ती सोय आहे, तिच्यात काही वाकडं नाही. पण नॅटच्या मशीनला त्याचा अर्थ असा की वहीत एकच ओळ. पहिल्या पॅकेटला ती ओळ लिहायचे कष्ट, पुढच्या कोट्यवधी पॅकेटांना ओळ समोरच उघडी.

आता डोंबिवलीतलं एक घर घ्या. चार मोबाइल, एक टीव्ही, आणि एक लॅपटॉप ज्यावर कोणीतरी "वर्क फ्रॉम होम" करतंय. प्रत्येक ॲप उघडताना आधी नाव विचारायला डीएनएसची चिमुकली पॅकेटं, मग आठ-दहा ठिकाणी नवी जोडणी. प्रत्येक जोडणी म्हणजे वहीत नवी ओळ. शिवाय कुठल्या वेळी कोण कुठल्या पत्त्यावरून बाहेर गेला याची नोंद आपल्याकडच्या इंटरनेट पुरवणाऱ्याला परवान्याच्या अटींनुसार ठेवावी लागते, म्हणजे प्रत्येक ओळीमागे लॉगही पाठवायचा. माझ्या टेस्टमध्ये लॉगिंग बंद होतं. का? चालू असताना आकडा खराब येत होता म्हणून. हे मला तेव्हा माहीत होतं, आणि लिहितानासुद्धा लाज वाटत्येय.

दादाच्या मशीनमध्ये झालं नेमकं हेच. जुन्या ओळींचं काम वेगळ्या जलद रस्त्याने, सगळे कोअर मिळून करतात. नवी ओळ लिहायचं काम एकाच कोअरकडे. साडेआठला सगळे घरी पोचले, सगळ्यांनी मोबाइल काढले, तो एक कोअर झोपला. चालू मॅच चालूच राहिली, मेडिकलवाल्याचं पेमेंट मात्र दारातच लटकलं.

आणि तिसरी, वेळेची. आमची प्रत्येक टेस्ट ६० सेकंदांची. नॅटने यूडीपीची ओळ किती वेळ ठेवावी याबद्दल आरएफसी ४७८७ (२००७) सांगतं की दोन मिनिटांच्या आत पुसू नका, शक्यतो पाच मिनिटं किंवा जास्त ठेवा. म्हणजे माझी टेस्ट संपते तेव्हा वहीतली पहिली ओळसुद्धा पुसायला झालेली नसते! सेकंदाला दोन हजार नव्या ओळी आल्या तर पाच मिनिटांत सहा लाख साठतात. तिथून पुढे लिहिणं आणि पुसणं दोन्ही एकदम सुरू, आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. आम्ही त्याच्या कितीतरी आधी पेपर गोळा करून "डिस्टिंक्शन" म्हणून मोकळे.

हे ऑफिसात बोललो की एकच उत्तर येतं, "अरे, आपण आरएफसी २५४४ प्रमाणे टेस्ट केलीये." आपल्याकडे हा आकडा सत्यनारायणाच्या प्रसादासारखा वाटतात, पोथी मात्र कोणी ऐकत नाही. मी गेल्या आठवड्यात अख्खी वाचली, येताजाता लोकलमध्ये. (जाताना उभ्याने, येताना ठाण्याला चढून बसायला कुठलं मिळतंय, पुन्हा उभ्याने.) ब्रॅडनर आणि मॅक्वेड या दोघांनी १९९९ मध्ये लिहिलेलं आहे ते, त्याआधी त्यांचंच १९९६ चं आरएफसी १९४४ होतं. त्यात इथरनेटसाठी सात आकार दिलेत, ६४ पासून १५१८ पर्यंत. सगळ्यांचे निकाल द्यायचे असतात, लाडक्याचा एकट्याचा नाही. पुढे ते स्वच्छ म्हणतात की खऱ्या जगात एकच प्रवाह नसतो, म्हणून आधी एका जोडीवर टेस्ट करा आणि मग २५६ नेटवर्कांवर पसरलेले रँडम पत्ते घेऊन तीच पुन्हा करा. अजून पुढे सांगतात की एका संथ लयीत ट्रॅफिक सोडून मोजणं सोयीचं असलं तरी वास्तवाला धरून नाही, खरा ट्रॅफिक झुंडीने येतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय हे! २०१२ मध्ये तर आरएफसी ६८१५ काढून सांगावं लागलं की बाबांनो, ही लॅबमधली टेस्ट आहे, चालू नेटवर्कवर लावू नका.

झुंडीचं तर त्याही आधीपासून माहीत आहे. १९९३ मध्ये बेलकोरमधल्या लेलँड आणि मंडळींनी इथरनेटवरच्या खऱ्या ट्रॅफिकच्या मोजमापांवर निबंध वाचला. टेलिफोनच्या जमान्यातला समज असा की भरपूर लोकांची बेरीज केली की चढउतार सपाट होतात. त्यांना दिसलं की होत नाहीत. मिलीसेकंदात बघा, सेकंदात बघा, मिनिटांत बघा, उंचवटे आहेतच. लोकलने जाणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये. रोजच्या प्रवाशांची दिवसभराची सरासरी काढली तर डोंबिवली स्टेशनात निवांत जागा दिसेल.

आता तुम्ही म्हणाल, मग आयमिक्स वापरा. लहान, मध्यम, मोठी पॅकेटं ७:४:१ या प्रमाणात. वापरतो की. त्याने १० जीबीपीएसला सेकंदाला साधारण ३३ लाख पॅकेटं होतात, म्हणजे मोठ्या पॅकेटांच्या चौपट. बरंच बरं. पण ते फक्त आकारांचं मिश्रण आहे, माणसांचं नाही. एकाच जोडीवर सोडलेलं आयमिक्स म्हणजे लहान-मोठी पोती, इतकंच.

कोणी म्हणेल, खरा ट्रॅफिक रेकॉर्ड करून टीसीपीरिप्लेने परत सोडा. हे जवळचं आहे, पण पूर्ण नाही. टीसीपी हा समजूतदार प्राणी आहे, पॅकेट सांडलं की तो वेग कमी करतो, थांबतो, परत पाठवतो. रेकॉर्डिंगला सांडल्याचं कळतच नाही, ते आपलं गातच राहतं. त्यापेक्षा सिस्कोवाल्यांनी ओपन सोर्स केलेलं टी-रेक्स चांगलं. ते डीपीडीकेवर चालतं आणि लाखो खोट्या माणसांचे संवाद एका साध्या सर्व्हरवरून घडवतं. फुकट आहे. म्हणजे "महागडी टेस्टर मशीनं परवडत नाहीत" ही सबबही गेली. नियमांचंही तेच. सुरक्षेच्या मशीनसाठी २०२३ मध्ये आरएफसी ९४११ आलं, त्यात सेकंदाला नव्या जोडण्या किती आणि एकावेळी उघड्या किती हे वेगवेगळं मोजायला सांगितलंय.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. आमचा सेल्सवाला म्हणाला, "तू खरा आकडा छापशील, शेजारचा दहाच छापेल, टेंडरात रकाना एकच असतो. मग तुझा पगार कोण देईल?" बरोबर आहे त्याचं. मी पाहिलेल्या टेंडरांत थ्रूपुटचा एकच रकाना होता, पॅकेट केवढं आणि जोड्या किती हे विचारणारं कोणी नव्हतं. पण रकाना एकच आहे हे माहीत असून त्यात सगळ्यात सोयीची टेस्ट भरतो आम्हीच ना? दादाने कर्ज काढलं ते त्या रकान्यावर विश्वास ठेवून. त्याचा हप्ता काही ६० सेकंदांत संपत नाही.

असो. गेल्या रविवारी लॅबची चावी घेऊन एकटाच जाऊन बसलो. तेच मशीन, तीन लाख जोड्या, सेकंदाला वीस हजार नव्या, आयमिक्स, लॉगिंग चालू, अर्धा तास. आकडा आला १.९ जीबीपीएस. दोनदा केली, कारण पहिल्यांदा वाटलं केबल सैल आहे. :)

सोमवारी साहेबांना मेल टाकला. उत्तर आलं की काम उत्तम आहे, परिशिष्टात टाकू. परिशिष्ट म्हणजे रिपोर्टचं चौतिसावं पान. मी लिहिलं की पहिल्या पानावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी येणार नसतील तर "तपासणारा"समोर दुसऱ्या कोणाचं नाव घाला. त्यावर अजून उत्तर नाही. नवी जोडणी सगळ्या कोअरांत वाटायचं काम डेव्हलपमेंटवाल्यांनी मनावर घेतलंय, पुढच्या रिलीजमध्ये म्हणतात. तोवर दादाच्या मशीनमध्ये एका घराला एकावेळी जास्तीत जास्त ओळींची मर्यादा घातलीये, त्याने थोडं हललं. मेडिकलवाल्याचं पेमेंट आता दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जातं.

दादाने त्याच्याकडच्या साडेआठ ते साडेदहाच्या ट्रॅफिकची फाईल दिलीये. आतला मजकूर कापून फक्त हेडर ठेवलेत, पत्ते बदललेत. तरी हार्ड डिस्कवर ४० जीबी झालं. सकाळपासून कॉपी होत्येय. झाली की कुठल्या आकाराची पॅकेटं किती आणि सेकंदाला नव्या जोडण्या किती ते मोजून टी-रेक्सला तसंच्या तसं भरवायचंय.