किडीची मोजदाद

श्रावण सरून भाद्रपद लागला म्हणजे आमच्या सेनगांव तालुक्यांत एक विशिष्ट वास सुटतो. तो ओल्या मातीचा नव्हे, फुलांचाही नव्हे; तो फवारणीच्या औषधाचा वास होय. एका शेतांत पंप सुरू झाला कीं त्याचा आवाज ऐकून शेजारच्या शेतांतला पंप पाठीवर चढतो, आणि दोन दिवसांत कयाधूच्या कांठापासून माळरानापर्यंत सारें शिवार त्या एकाच वासानें भरून जातें. "कीड किती होती?" असें विचारलें तर बहुतेक ठिकाणीं एकच उत्तर मिळतें, "लई होती." ही "लई" म्हणजे नेमकी किती, हाच आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे, आणि तो विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या पालकांपुढेंही मांडावा अशी आमची इच्छा आहे.

कीड ही हंसण्यावारी नेण्याची गोष्ट आहे असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. सन २००८ च्या खरिपांत मराठवाड्यांत व विदर्भांत सोयाबीनवर तंबाखूचीं पानें खाणाऱ्या अळीचा जो उद्रेक झाला, तो ज्यांनीं पाहिला ते तो अद्याप विसरलेले नाहींत. सन २०१७ मध्यें गुलाबी बोंडअळीनें कापसाचीं बोंडें आंतून पोखरलीं. ज्या बीटी वाणावर विसंबून शेतकरी निर्धास्त झाला होता, त्याच वाणावर ती अळी पोसूं लागली होती. त्याच्या पुढच्याच वर्षीं, मे २०१८ मध्यें, मूळची अमेरिका खंडांतील लष्करी अळी कर्नाटकांत शिवमोग्याच्या बाजूस मक्यावर आढळली आणि त्याच वर्षीं ती महाराष्ट्रांतही शिरली. एवढें पाहिल्यावर शेतकऱ्याच्या मनांत धास्ती बसली तर त्यांत नवल तें काय? परंतु धास्ती किती खरी व किती नुसती ऐकीव, हें ठरविण्याचें कांहीं साधन मनुष्याच्या हातीं असावयास नको काय?

असें साधन आहे, आणि त्यास पैसा पडत नाहीं. सन १९५९ मध्यें कॅलिफोर्नियांतील स्टर्न प्रभृति चार कीटकशास्त्रज्ञांनीं एक साधा विचार नीट मांडून दाखविला. शेतांत कीड दिसली म्हणजे लगेच नुकसान झालें असें नाहीं. किडीनें होणारी हानि ही तिच्या निवारणास लागणाऱ्या खर्चाएवढी होण्याच्या बेतांत आली म्हणजेच उपाय योजावा. तोंवर हात आंवरावा. या मर्यादेस आपल्याकडे आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. पिकापिकाची व किडीकिडीची मर्यादा निराळी. सोयाबीनवर तंबाखूचीं पानें खाणाऱ्या अळ्या ओळीच्या एका मीटरांत सरासरी तीन ते चार भरल्या म्हणजे सावध व्हावें. कापसांत कामगंध सापळा लावला असतां एका सापळ्यांत एका रात्रीं गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग, असे ओळीनें तीन रात्री सांपडले, किंवा वीस हिरवीं बोंडें तोडून फोडलीं असतां दोहोंत जिवंत अळी निघाली, तर समजावें कीं वेळ आली. ज्याला शंभरपर्यंत अंक येतात त्याला हें गणित येतें. आमच्या पांचवीच्या मुलासही येतें.

गेल्या भाद्रपदांत आम्ही आठवीच्या चार मुलांस घेऊन त्यांच्यांतील एकाच्या शेतावर गेलों होतों. सोयाबीन फुलावर येत होतें. लिंबाखालीं औषधाची बाटली आणून ठेवलेली होती व पंपांत पाणी भरणें तेवढें बाकी होतें. मुलाचे वडील म्हणाले, "गुरुजी, मोजत बसलो तर रान हातचं जाईल. वरच्या वावरानं परवाच फवारलं." आम्हीं त्यांची परवानगी मागितली, ती त्यांनीं थोड्या नाखुषीनेंच दिली. बांधालगतच्या ओळी सोडून मुलांनीं शेतांत नागमोडी फिरून पांच जागा निवडल्या, प्रत्येक जागीं मीटरभर ओळीखालीं पांढरें फडकें पसरलें आणि झाडें हलकेंच झटकलीं. एके ठिकाणीं एक अळी, दुसरीकडे एकही नाहीं, तिसरीकडे दोन, चौथीकडे एक, पांचवीकडे पुन्हां शून्य. म्हणजे पांच मीटरांत चार. तीही सकाळच्या प्रहरीं. कारण ही अळी मोठी झाल्यावर दिवसा मातींत दडते व रात्रीं चरते, तेव्हां भर दुपारीं मोजून "कांहीं नाहीं" म्हणणें ही स्वतःची फसवणूक होय. फडक्यावर अळ्यांखेरीज दोन ढालकिडे आणि एक कोळीही पडला होता. एका झाडावर तर पांढरी बुरशी चढून ताठ झालेली मेलेली अळी चिकटलेली होती. दमट हवेंत ही बुरशी अळ्यांत सांथ पसरविते, आणि तिचें बिल कोणी पाठवीत नाहीं.

येथें वडिलांनीं एक प्रश्न विचारला, तो आम्हांस अद्याप छळतो. ते म्हणाले, "आज कमी हायत, उद्यां वाढल्या तर भरून कोण देणार?" मोजणाऱ्याची चूक शेतकऱ्याच्या अंगावर पडते, मास्तराच्या नव्हे, हें आम्हांस कबूल आहे. आम्हीं इतकेंच म्हटलें कीं चार दिवसांनीं पुन्हां मोजूं, आणि फुलापूर्वीं पानांचा थोडासा भाग गेला तरी सोयाबीन तो भरून काढतें. चार दिवसांनीं मुलें पुन्हां गेलीं. वरच्या अंगास तीच स्थिति होती. परंतु खालीं नाल्याकडील ओलसर पट्टींत मीटरामागें पांच अळ्या भरल्या, आणि कांहीं पानांची पांढुरकी जाळी झालेली दिसली. ही पतंगीण पानाच्या मागल्या बाजूस शेंकडों अंडीं पुंजक्यानें घालते व लहान अळ्या प्रथम एकाच पानावर घोळक्यानें चरतात. तेवढीं पानें मुलांनीं तोडून मातींत पुरलीं आणि वडिलांनीं तेवढीच पट्टी फवारली.

हा हिशेब केवळ पैशाचा असता तर आम्ही एवढा आग्रह धरला नसता. विनाकारण फवारलेल्या औषधानें ढालकिडा आधीं मरतो व अळी मागून मरते. पुढें अळी पुन्हां येते, ढालकिडा तितक्या लवकर येत नाहीं. तेंच तेंच औषध वारंवार सोसून वांचलेल्या अळीची प्रजा त्यास जुमानीत नाहीं. आणि मनुष्य? सन २०१७ च्या त्याच बोंडअळीच्या वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. त्या सालीं पऱ्हाटी पुरुषभर उंच झाली होती आणि फवारा डोक्यावरून अंगावर येत होता. आमच्या वाचकांतील कित्येकांचे वडील अद्याप तोंडाला साधा रुमाल बांधून हें काम करतात.

रोगांची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती सांगितली नाहीं तर आम्ही अर्धेंच सांगितलें असें होईल. सोयाबीनवर पिवळा मोझॅक दिसला म्हणजे त्या झाडास औषध नाहीं. हा रोग पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. म्हणून पहिलीं पिवळीं झाडें दिसतांच उपटून नष्ट करणें आणि माशीवर नजर ठेवणें एवढेंच हातीं राहतें. हळदीच्या कंदकुजीचेंही तसेंच. पाणी सांचलेल्या वाफ्यांत कंद सडूं लागला कीं पुष्कळदां उशीर झालेला असतो. त्याचा विचार बेणें निवडतांना व पाण्यास वाट काढतांनाच करावा लागतो. अळी मोजून धोका कळतो; रोगाचा धोका आभाळाकडे, निचऱ्याकडे आणि बियाण्याकडे पाहून आधींच ओळखावा लागतो. शिवाय सगळें रान एकाच पिकाखालीं ठेवणें हा स्वतंत्रच धोका आहे. आयर्लंडांत सन १८४५ मध्यें बटाट्यावर करपा पडला तेव्हां गोरगरीब जनता त्या एका पिकावर, आणि तेंही बव्हंशीं एकाच वाणावर, जगत होती. पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व सांथीनें मेलीं. आमच्या शिवारांत सोयाबीनच्या रांगा पाहतांना आम्हांस कधीं कधीं तें स्मरतें. पूर्वीं तुरींत ज्वारीचीं चार ताटें असत. त्यांवर पांखरें बसत व घाटेअळी टिपीत. तीं ताटें आतां क्वचितच दिसतात.

सरकार कांहींच करीत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. २००८ च्या धड्यानंतर, सन २००९ पासून, राज्याच्या कृषि खात्यानें कीड-रोग सर्वेक्षणाचा व सल्ल्याचा प्रकल्प चालविला. निवडलेल्या गांवांतील निवडलेल्या शेतांत कीड मोजावयाची आणि त्यावरून शेतकऱ्यांस इशारा द्यावयाचा, अशी त्याची रीत. परभणीच्या कृषि विद्यापीठाचे सल्लेही वेळोवेळीं निघतात. तसेंच परदेशांतून बीं-रोप येतांना त्यासोबत कोणती कीड येऊं शकेल याची छाननी सन २००३ च्या आदेशान्वयें करावी लागते. आणि किडींचा शिरकाव रोखण्याचा मूळ कायदा तर सन १९१४ चा. परंतु तालुक्याचा इशारा हा तालुक्याचा असतो. नाल्याकडील ओलसर पट्टी त्यास दिसत नाहीं. सरकार जें बंदरावर करतें तें ज्याचें त्यानें आपल्या बांधावर करावें, असें आमचें मत आहे. हें काम औषध विकणाऱ्या दुकानदारावर सोंपवूं नये. तो लबाड असतो असें आमचें म्हणणें नाहीं, पण ज्याचें पोट विक्रीवर आहे त्यास धोका नेहमीं थोडा मोठाच दिसणार.

आणखी एक गोष्ट. शेतांत कीड सर्वांत आधीं कोणाच्या दृष्टीस पडते? निंदणीस बसलेल्या बायांच्या. त्यांचे डोळे तासन् तास पानांच्या खालीं असतात. जाळीदार पान, गुंडाळलेला शेंडा, पिवळें पडलेलें एकटें झाड हें त्यांनीं पाहिलेलें असतें. परंतु फवारणीचा निर्णय पारावर होतो आणि तेथें त्यांस कोणी विचारीत नाहीं. आमच्या मुलींनीं घरीं आईस व आजीस हा प्रश्न विचारून पाहावा, आणि उत्तर वहींत लिहून आणावें.

ती वही आम्हीं सुरू केली आहे. तारीख, पीक, जागा, मीटरामागें अळ्या, मित्रकिडे, पाऊस, आणि शेवटीं "काय केलें" असे तिचे रकाने आहेत. यंदा खरिपांत ज्या मुलांच्या घरीं शेती आहे त्यांनीं दर शनिवारीं सकाळीं पांच जागा मोजाव्यात व सोमवारीं आंकडे मांडावेत असा आमचा विचार आहे. मुलांनीं फवाऱ्याजवळ जाऊं नये आणि फवारलेल्या शेतांत मोजावयास शिरूं नये, ही अट पहिल्याच पानावर लिहिली आहे. पालकांपैकीं कोणास वही पाहावयाची असल्यास ती वाचनालयांत खिडकीलगतच्या मेजावर ठेवलेली असते. तींत गेल्या भाद्रपदांतील त्या शेताची पहिली नोंद आहे, आणि "काय केलें" या रकान्यांत त्या मुलानें आपल्या अक्षरांत लिहिलें आहे: "खालची पट्टी फवारली. बाटली अर्ध्याहून जास्त उरली. बाबांनीं ती पेटींत ठेवून कुलूप लावलें."