‘इतका उशीर का केला?’

दसरा झाला की माझ्या रजिस्टरमधली नावं गळायला लागतात. मी तामलवाडीची आशा कार्यकर्ती. दाराला कुलूप दिसलं की शेऱ्याच्या रकान्यात ‘बाहेरगावी’ लिहिते. म्हणजे ऊस तोडायला गेले. मार्च-एप्रिलशिवाय परत नाहीत.

गेल्या हंगामात त्यातली एक बाई जानेवारीतच माघारी आली, पिकअपमध्ये आडवी होऊन. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, लालभडक. अंगात फणफणून ताप. बारा दिवसांपूर्वी उसाचं धसकट चपलेतून तळव्यात घुसलं होतं. तिनं कंबरमोडीचा पाला चोळून वर चिंधी बांधली आणि मोळ्या वाहिल्या. जांघेत अवधान आलं तेव्हा कुठं मेडिकलवरून दोन दिवसांच्या गोळ्या आणल्या. आमच्याकडं अशा सुजेला धावरं म्हणतात. सोलापूरला डॉक्टर म्हणाले, सेल्युलायटिस आहे, आता रक्तात पसरायला लागलंय. शुगरही निघाली, ती तिला ठाऊकच नव्हती. आणि लगेच प्रश्न आला, ‘‘इतका उशीर का केला? कळत नाही का तुम्हाला?’’

ती गप्प राहिली. मग हळूच मला म्हणाली, ‘‘ताई, मी बसले असते तर कोयता बंद पडला असता.’’

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या जिवावर घेतलेली. एकानं अंथरूण धरलं की त्या दिवसाची मजुरी बुडते, वर खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीच्या दंडाचे, पैसे उचलीत चढतात. तिला पायाची ठणक कळत होती आणि हा हिशेबही कळत होता. न कळण्यासारखं यात काय होतं?

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. उसाच्या फडावर ना संडास, ना पाळीत धुवायला पुरेसं पाणी. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, खाडा तर परवडत नाही. मग पिशवीच काढून मोकळं व्हायचं. तेव्हा सगळे हळहळले. पण दुखण्यावर दंड लावायची रीत काही मोडली नाही. धसकटाची जखम चिघळते ती त्याच रितीमुळं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आजारपणाचा खाडा कापायला कायद्यानं बंदी असावी. टोळी निघायच्या आधी गावातच शुगर तपासावी, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं. आणि ज्या गावात टोळीच्या कोप्या पडतील, तिथल्या आशाच्या यादीत ही नावं चढावीत. आज ती माझ्या यादीतून जातात आणि कुणाच्याच यादीत येत नाहीत.

यंदा ‘बाहेरगावी’पुढं मी फडाच्या गावाचं नाव आणि मुकादमाचा फोन नंबर लिहिणार आहे. रकाना बारका आहे, पण अक्षर बारीक काढलं की मावतं.